कापलेले पंधरा मिलिसेकंद

वीज गेल्यावर आनंद होणारी माणसं उत्तर प्रदेशात फार थोडी असतील. नोकरीची जवळपास तीस वर्षं मी त्यांतली एक होते. उन्हाळ्यात दुपारी पंखे थांबले की लखनौतली गल्लीच्या गल्ली वीज खात्याचा उद्धार करायची. आम्ही मात्र कुठल्या तरी मोकळ्या प्लॉटवर केबली अंथरून त्याच क्षणाची वाट बघत बसलेलो असायचो. वीज गेली की मी ओरडायची, "रामसजीवन, शुरू!" आणि रामसजीवन घण उचलायचा.

हे काय प्रकरण होतं, ते आधी सांगते. मी मूळची अमरावतीची. लग्नानंतर यजमानांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे लखनौला आले आणि इथल्याच एका संशोधन संस्थेत भूभौतिकीच्या विभागात लागले. न खणता जमिनीच्या पोटात काय आहे ते सांगायचं, हे माझं काम. खडक, खनिजं शोधणारे बरेच होते. माझ्या वाट्याला वरची तीस-चाळीस मीटर जमीन आली, म्हणजे माती, वाळू आणि त्यांच्यात मुरलेलं पाणी.

आमची पद्धत ऐकायला सोपी आहे. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवायचा आणि त्यावर घण मारायचा. हादरा खाली जातो. ओल्या मातीच्या कणांना अगदी सूक्ष्म विद्युतभार असतो आणि त्याच्या उलटा भार कणांमधल्या पाण्यात असतो. एरवी दोन्ही गुण्यागोविंदाने राहतात. हादरा आला की पाणी कणांवरून किंचित सरकतं आणि हा समतोल बिघडतो. कोरडी माती संपून ओली सुरू होते त्या सीमेवर हादरा पोचला, की तिथे विजेची एक बारीकशी चमक उठते. जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांच्या जोड्या ती चमक पकडतात. घण पडल्यापासून चमक येईपर्यंत किती वेळ गेला, ते मोजलं की पाणी किती खोल आहे ते कळतं. चमक दणकट की मरतुकडी यावरून खाली वाळू आहे की चिकणमाती, याचाही अंदाज येतो.

अडचण एवढीच, की ही चमक इतकी क्षीण असते की शेजारच्या घरातला मिक्सरदेखील तिला गिळून टाकतो. म्हणून वीज जायची वाट बघायची. आणि म्हणूनच एकाच जागी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर घण मारायचे आणि सगळ्या नोंदी एकावर एक रचायच्या. गोंगाट प्रत्येक वेळी वेगळा असतो, तो एकमेकांत विरून जातो. खरा संकेत प्रत्येक वेळी तिथेच असतो, तो साचत जातो.

घण मारायचं काम रामसजीवनचं. तो आधी रेल्वेच्या रुळांवर गँगमन होता. पन्नाशी उलटली होती, बोलणं बेताचं, पण शंभरावा घाव पहिल्यासारखाच पडायचा. माझ्या प्रबंधात त्याचं नाव आभाराच्या यादीत तिसऱ्या ओळीत आहे. ते पहिल्या ओळीत असायला हवं होतं.

आता ज्या कामाबद्दल लिहायला बसले आहे, त्याकडे येते.

जानकीपुरममध्ये एका कोचिंग क्लासची नवी इमारत व्हायची होती. खाली तळघर. मालकांना जाणून घ्यायचं होतं, की तळघराला पाण्याचा त्रास होईल का. मार्च महिना होता. आम्ही दोन दिवस त्या प्लॉटवर काम केलं. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे निगम आंटींचं घर. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, बागेत पेरूचं झाड आणि गुलाबांच्या रांगा. आमच्या घणाचा आवाज ऐकून त्या पहिल्याच दिवशी भिंतीवरून डोकावल्या, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला चहाला बोलावलं.

मला त्यांच्या बागेत खुंट्या ठोकायच्या होत्या. कारण असं. खरी चमक ओळखायची एक खूण आहे. घण मारला त्या जागेच्या एका बाजूच्या खुंट्यांवर ती वर उडी मारते, तर दुसऱ्या बाजूच्या खुंट्यांवर खाली. बाहेरचा गोंगाट असं करत नाही. पण त्यासाठी घणाच्या दोन्ही बाजूंना जागा लागते, आणि प्लॉट अरुंद असल्यामुळे आमच्याकडे एकच बाजू होती. आंटी हो म्हणाल्या. फक्त नातवंडं आलेली होती, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत जाणार होती. "परसों आ जाओ, बेटा," म्हणाल्या, "सारा बगीचा तुम्हारा."

चहा पिता पिता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या इथे राहायला आल्या तेव्हा भिंतीपलीकडच्या या प्लॉटवर तलैया होती, म्हणजे छोटं तळं. म्हशी बसायच्या त्यात. पुढे कुणी कुणी राबिट आणून टाकलं, वरून माती पडली, आणि प्लॉट झाला. मी ऐकून घेतलं. चहा चांगला झालाय म्हटलं. वहीत काही लिहिलं नाही. माणसांच्या आठवणी म्हणजे मोजमाप नव्हे, असं मी तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांनाही शिकवत असे.

परवा काही आम्ही गेलो नाही. परवा मलिहाबादला जायचं होतं.

मलिहाबादच्या खाँसाहेबांची आमराई मोठी. दसहरीची झाडं शेंड्याकडून वाळत चालली होती, जुन्या बोअरिंगचं पाणी कमी झालं होतं, आणि नवं कुठे घ्यावं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. पण मोहोर असेपर्यंत त्यांनी आम्हाला बागेत पाऊल टाकू दिलं नाही. घणाच्या हादऱ्याने मोहोर गळतो, अशी त्यांची खात्री होती. मी परोपरीने सांगितलं की तुमच्या ट्रॅक्टरचा हादरा याहून मोठा असतो. ते अदबीने म्हणाले की मोहतरमा, ट्रॅक्टरला माझी झाडं ओळखतात. शेवटी कैऱ्या वाटाण्याएवढ्या धरल्यावर त्यांनी एक दिवस दिला, तो नेमका तो परवाचा. तो गेला असता तर पुन्हा केव्हा मिळाला असता कोण जाणे.

तो दिवस माझ्या नोकरीतल्या सर्वांत चांगल्या दिवसांपैकी होता. बागेत वीज नव्हतीच, पंप बंद होते. चौथ्या जागी नोंदी रचताना पडद्यावर एक देखणी, जाडजूड चमक उभी राहिली. स्वच्छ वाळू, पाण्याने भरलेली. मी जिथे खुंटी ठोकली, तिथेच पुढे बोअरिंग झालं आणि पाणी लागलं. संध्याकाळी परतताना रामसजीवनदेखील गाडीत दोन वाक्यं बोलला, यावरून आमचा आनंद समजावा.

जानकीपुरमचा अहवाल मी त्याच आठवड्यात, आंटींच्या बागेत न जाताच, पुरा केला. मुख्य पाणी खूप खाली होतं, पंचवीस मीटरच्याही पलीकडे. तळघर चारेक मीटरचं. मी लिहिलं, तळघराच्या खोलीपर्यंत पाण्याची सीमा आढळली नाही.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. घण पत्र्यावर आपटतो त्या क्षणी यंत्राला खबर देणारा एक स्विच असतो. त्या स्विचचा स्वतःचाही एक झटका नोंदीत येतो, अगदी सुरुवातीला, सगळ्या खुंट्यांवर एकदमच. तो फसवा असतो, म्हणून नोंदीचा आरंभीचा तुकडा कापून टाकायची पद्धत होती. मी पंधरा मिलिसेकंद कापायची. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मला नेहमी खोलचं पाणी शोधायचं असायचं, तेव्हा या पंधरांत गमावण्यासारखं काही नसे. मात्र अगदी उथळ पाणी असेल तर त्याची चमकही याच पंधरांत येते. आणि ती चमकही सगळ्या खुंट्यांवर एकदमच येते.

एप्रिलच्या मध्यावर, टळटळीत उन्हाच्या दिवसांत, सकाळी वर्तमानपत्रात फोटो पाहिला. आधी पेरूचं झाड ओळखलं आणि मग भिंत. तळघराचा खड्डा खणताना आदल्या दुपारी एक बाजू ढासळली होती. खाली दोन मजूर होते, सीतापूरकडचे सख्खे भाऊ. धाकटा शिवनाथ छातीपर्यंत गाडला गेला होता, त्याला लोकांनी ओढून काढलं. थोरला बिंदेश्वरी गेला. बातमीत लिहिलं होतं की माती ओली होती आणि पाण्यासारखी वाहत आली.

मी चहा तसाच ठेवून संस्थेत गेले. जुन्या नोंदी उघडल्या, कापलेला तुकडा परत जोडला. स्विचचा झटका होता, अगदी आरंभी, नेहमीसारखा. त्याच्यामागे, साधारण दहाव्या-बाराव्या मिलिसेकंदाला, दुसरी एक उडी होती. बाराही खुंट्यांवर, एका सरळ रेषेत. तो स्विचचाच दुसरा धक्का असू शकेल, असं मी स्वतःला सांगत होते. असू शकला असता. ते ठरवायचा एकच मार्ग होता, भिंतीपलीकडच्या खुंट्यांचा, आणि तो मी तीन आठवड्यांपूर्वी चहा पिऊन सोडून दिला होता.

दोन दिवसांनी रामसजीवनला आणि यंत्र घेऊन मी निगम आंटींकडे गेले. प्लॉटभोवती पोलिसांनी दोरी लावली होती. आंटींनी स्वतः जाऊन घराचा मेन स्विच बंद केला आणि व्हरांड्यात खुर्ची घेऊन बसल्या. भिंतीलगत पत्रा ठेवला, गुलाबांच्या रांगांमधून खुंट्या ठोकल्या. रामसजीवनने ऐंशी घाव मारले. घाम पुसत तो म्हणाला, "अब क्या देखना है, मैडम?"

उडी तिथेच होती. त्याच वेळेला. आणि उलटी. प्लॉटच्या बाजूला वर होती, इथे खाली.

म्हणजे ते पाणी होतं. जुन्या तलैयाच्या तळाची चिकणमाती खाली तशीच होती, आणि तिच्यावर, भरावाच्या मातीत, आजूबाजूच्या नळांचं-गटारांचं झिरपलेलं पाणी वर्षानुवर्षं अडकून बसलेलं. खड्डा त्याच्या कडेपाशी पोचला आणि त्याला वाट मिळाली. मी रामसजीवनला पडदा दाखवला. त्याला रेषा वाचता येत होत्या, इतकी वर्षं बघत होता. त्याने घण पत्र्यावरून उचलून गवतात ठेवला आणि खुंट्या उपटायला लागला.

आमच्या विभागप्रमुखांना मी सगळं सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी मला तीन गोष्टी समजावल्या. एक, एवढ्या खोल खड्ड्याला माती कशीही असो, कडेने आधाराच्या फळ्या लावायचा नियमच आहे, आणि ठेकेदाराने एकही लावली नव्हती. दोन, आपल्या अहवालात शेवटी मर्यादांचा परिच्छेद आहे. तीन, चौकशी समितीने आपल्याला काही विचारलेलंच नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. घरी मुलगी रेवाही तेच म्हणाली. ती लखनौत वाढलेली, आमचं मराठी समजतं, उत्तर हिंदीत येतं. "आई, गड्ढा आपने थोड़े ही खोदा था."

मी खड्डा खणला नव्हता. पण खड्डा खणणाऱ्यांना वरून कुणीतरी सांगितलं होतं की खाली पाणी नाही, आणि ते सांगणारी मी होते. फळ्या न लावायला ठेकेदाराला माझ्या त्या एका ओळीने धीर दिला नसेल कशावरून? हा प्रश्न मी कुणाला विचारू शकत नव्हते.

मी दोन पानं लिहिली. काय मोजलं, काय कापलं, काय करायचं राहिलं, निगम आंटींनी काय सांगितलं होतं आणि मी ते का लिहिलं नाही. दोन्ही बाजूंच्या नोंदी जोडल्या आणि समितीला पाठवल्या.

मला कचेरीत बोलावलं. लांब टेबलामागे तीन अधिकारी, भिंतीलगतच्या बाकावर ठेकेदार, मालक, आणि टोकाला एक तरुण माणूस, हात मांडीत घेऊन बसलेला. तो शिवनाथ हे मला नंतर कळलं. मी माझी पानं वाचून दाखवली. अधिकाऱ्यांना तांत्रिक भाग समजेना, तेव्हा साध्या हिंदीत पुन्हा सांगितलं. एकाने विचारलं की हे सगळं आपणहून सांगायची काय गरज होती.

तेवढ्यात बाकावरून शिवनाथ उभा राहिला. त्याला बसायची खूण झाली, पण तो बसला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मैडम, तो आपको पता था?"

"नहीं," मी म्हटलं. "पता चल सकता था. मैंने ठीक से देखा नहीं."

तो मग बसला. बाहेर पडताना मी त्याच्याशी बोलायचं ठरवलं होतं, पण तो जिना उतरून गेलेला होता, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

चौकशीत दोष ठेकेदारावर आला. माझी पानं शेवटी जोडपत्र म्हणून लागली. संस्थेने मला काही काळ बाहेरच्या कामांवरून काढलं. शिक्षा असं कुणी म्हणालं नाही. जूनमध्ये मलिहाबादहून खाँसाहेबांची दसहरीची पेटी आली, चिठ्ठीत लिहिलं होतं की नव्या पाण्याचा हा पहिला हंगाम. मी ती शेजारीपाजारी वाटून टाकली. त्या वर्षी माझ्याने आंबा खाववला नाही.

पुन्हा कामावर जायला लागले तेव्हा मी दोन गोष्टी बदलल्या. कापण्याआधी प्रत्येक नोंद आरंभापासून बघायची. आणि दोन्ही बाजूंना खुंट्या लागल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही. काही मालक वैतागले, दोघांनी काम दुसरीकडे नेलं. तिसराही एक बदल केला, ज्याला तरुण सहकारी हसायचे. अहवालात एक पान मी 'आजूबाजूच्या लोकांनी सांगितलेलं' या नावाने जोडायला लागले. त्यात म्हशी असायच्या, बुजलेल्या विहिरी असायच्या, कुणाच्या सासऱ्यांनी पाहिलेला ओढा असायचा. निम्मं चुकीचं निघायचं. उरलेलं निम्मं यंत्राच्या आधी बरोबर असायचं.

मी निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. रामसजीवन त्याआधीच त्याच्या गावी गेला होता. आम्ही इंदिरा नगरमध्ये राहतो. एका सकाळी फाटकाशी माणूस उभा दिसला. केस थोडे पिकलेले. मी ओळखलं नाही. त्याने नाव सांगितलं, शिवनाथ. मला वाटलं, इतक्या वर्षांनी बोलायचं ते बोलायला आला असेल, आणि मी ऐकून घ्यायची मनाची तयारी केली.

तो दुसऱ्याच कामाने आला होता. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक जुनं घर पाडून नवं होत होतं, तळघरासहित. खणायच्या टोळीत तो होता. खड्डा कमरेपर्यंत गेला होता, आज डोक्याच्या वर जाणार होता. पत्ता त्याने संस्थेत जाऊन मिळवला होता. एकदा तो घण घेऊन येऊन बघाल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी त्याला सांगितलं की यंत्र माझं नव्हतं, संस्थेचं होतं. आता माझ्याकडे काहीच नाही. तो म्हणाला, मग नुसतं येऊन बघा.

मी चपला घातल्या आणि गेले. खड्ड्याच्या दोन बाजूंना शेजारची घरं अगदी चिकटून होती. माती वरून कोरडी दिसत होती. ती जानकीपुरमलाही दिसत होती. मी दोन्ही घरांची दारं ठोठावली. एकीकडे सांगितलं की मागून गटाराची जुनी पाइप जाते. दुसरीकडे भाडेकरू होते, त्यांना काही माहीत नव्हतं. मी परत येऊन खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसले, मूठभर माती हातात घेतली, दाबून पाहिली. त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. ठेकेदार मोटरसायकलवर आला. शिवनाथने त्याला मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला की मैडम, घाई आहे, हाँ या ना काय ते एकदा बोलून टाका.

इतकी वर्षं मला विचारणाऱ्या प्रत्येकाला हेच हवं असायचं, आणि मीही ते द्यायला शिकले होते. मी शिवनाथकडे बघून म्हटलं, "मुझे नहीं पता."

ठेकेदार हसला. म्हणाला, नहीं पता, तर मग अडचण काय आहे, उतरा.

शिवनाथने फावडं मातीत रोवलं आणि विटांच्या ढिगावर बसला. "मैडम कह रही हैं, नहीं पता," तो म्हणाला. "तो पहले पटरा लगेगा. तब उतरेंगे."

टोळीतले बाकीचे तिघंही त्याच्याशेजारी बसले. ठेकेदार बराच वेळ फोनवर बोलत होता, चढ्या आवाजात. माझ्यासाठी कुणीतरी समोरच्या घरातून खुर्ची आणली, पण मी त्यांच्याबरोबर विटांवरच बसले. शिवनाथ एकदा फक्त म्हणाला की वहिनी आता गावीच असते, थोरला पुतण्या दहावीत आहे.

चार वाजायच्या सुमारास टेम्पोतून पटरे, म्हणजे आधाराच्या फळ्या, आणि लाकडाच्या बल्ल्या आल्या. त्या चौघांनी वरून सोडत, ठोकत, दोन्ही कडा बांधून घेतल्या. मग शिवनाथ काठाशी वाकला, प्रत्येक फळीला हाताने रेटून पाहिलं, एक पुन्हा ठोकायला लावली, आणि मग उतरला.